खुर्चीवरचा शर्ट

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं जागेवर नाहीये.

ऐंशीच्या दशकात तुर्भ्याच्या गाळ्यात आई रबराचे वॉशर बनवायची. बाबा आधीच वारले होते, आणि एकट्या बाईला ऑर्डर द्यायला कोणी तयार नसायचं. म्हणून ती बाबांचा शर्ट खुर्चीला अडकवून ठेवायची. "साहेब आत्ताच बाहेर गेलेत," असं सगळ्यांना सांगायची. संशय नको म्हणून रोज वेगळा शर्ट, तोही इस्त्रीचा. शाळेतून आले की मला त्या खुर्चीची भीती वाटायची.

आता तोच गाळा मी चालवते. आज एक नवा व्यापारी आला आणि माझ्यामागे बघत म्हणाला, "मॅडम, सर कुठेयत?"

"आत्ताच बाहेर गेलेत," माझ्या तोंडून निघून गेलं.

अहो, माझं लग्नसुद्धा झालेलं नाही. मग हे बोललं कोण?