केळीच्या गाभ्याचा पापुद्रा

माझी बायको मंगळवारी सकाळी वारली. त्या दिवशीचा डबा ओट्यावर राहिला.

डबा रोजचाच होता. त्यात केळीच्या गाभ्याच्या चकत्या असत, आणि तो घेऊन ती सकाळच्या टाउन बसने विद्यापीठात जाई. त्या दिवशी घरात माणसं जमली. कोणीतरी तो डबा रिकामा केला, घासला आणि पालथा घातला. पुढे वर्षभर मला त्या डब्याची आठवण झाली नाही.

ती वनस्पतिशास्त्र शिकलेली, पण तिचं काम जखमांवर होतं. घड उतरवल्यावर केळीचं झाड तोडतात, आणि त्याच्या खोडातला पांढरा गाभा आमच्याकडे, तंजावरात, भाजीला घेतात. ती त्या गाभ्याच्या तंतूंचा लगदा करी, तो काचेच्या ताटलीत ओतून वाळवी, आणि मग ताटलीतून पातळ कागदासारखा पापुद्रा सोडवी. हा पापुद्रा जखमेवर ठेवला तर जखम ओलसर राहावी आणि काढताना कातडी ओढली जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. एवढं म्हणायला तिची नऊ वर्षं गेली.

त्याची सुरुवात आमच्या घरातच झाली होती. साखरेच्या आजारामुळे माझ्या आईच्या पायाला जखम झाली होती. पट्टी बदलायचं काम बायकोकडे. गॉज चिकटून बसलेलं असे, आई डोळे मिटून घेई आणि "हळू गं, हळू" म्हणत राही. त्याच दिवसांत शेजारच्या मुलीचा हात भाजला आणि तिच्या आईने त्यावर केळीचं कोवळं पान बांधलं. दुसऱ्या दिवशी ते अलगद सुटून आलं. बायको ते पाहून आली आणि जेवता जेवता म्हणाली, "पान चिकटत नाही." पुढच्याच आठवड्यात तिने परसातलं एक खोड तोडलं.

विद्यापीठात तिचं हसू होई. वनस्पतीवाले म्हणत, हे पदार्थविज्ञानाचं काम आहे. पदार्थविज्ञानवाले म्हणत, हे वैद्यकाचं आहे. वैद्यकवाले म्हणत, बाई, हा भाजीचा विषय आहे. "तिन्ही घरची मी पाहुणी," ती मला सांगे, "चहा सगळीकडे मिळतो, खुर्ची कुठेच नाही."

गाभा चिरायचं काम माझं. माझी सगळी नोकरी जुन्या हस्तलिखितांच्या सूच्या करण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर सकाळी माझ्या हातांना काही काम नसे. पहिल्यांदा ती अख्खं खोड घेऊन बसमध्ये चढली तेव्हा कंडक्टरने विचारलं होतं, "अम्मा, यांचं तिकीट कोण काढणार?" तेव्हापासून मी घरीच चिरून देऊ लागलो. विळीवर चकत्या करायच्या, निघतील ते दोरे बोटाला गुंडाळून काढायचे, डबा भरायचा. आई करायची तसंच. अर्ध्या चकत्या भाजीला, अर्ध्या डब्यात.

ती गेल्यानंतर चार महिन्यांनी तिची विद्यार्थिनी घरी आली. मुलगी तिरुवैयारूची, वडिलांची कावेरीकाठी केळीची बाग. ती पाच वर्षं बायकोच्या हाताखाली होती आणि आता तिचा प्रबंध शेवटाला आला होता. तिने पिशवीतून दोन ताटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. एकीत बायकोच्या वेळचा पापुद्रा होता, पांढरट, दुमडला तरी न मोडणारा. दुसरीतला तपकिरी होता आणि त्याला उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या.

"अंकल, हा माझा," ती म्हणाली. आम्ही तमिळमध्येच बोलत होतो. "चौदा वेळा केला. मॅडमनी लिहिलंय तसंच, शब्दन् शब्द. प्रत्येक वेळी असाच होतो."

"गाभा कुठला घेतलास?"

"आधी बाजारातला. मग आमच्या बागेतला. मॅडमच्या वहीत 'परसातून' असं आहे, म्हणून आज तुमच्याकडे आले."

मी तिला परसातली दोन खोडं तोडून दिली. तिने ती वडिलांच्या मोटरसायकलला बांधून नेली. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. पुन्हा तपकिरी, पुन्हा भेगा.

मग तिने खरी गोष्ट सांगितली. विभागप्रमुख तिला म्हणाले होते की हा शेवटचा भाग प्रबंधातून काढून टाकलेला बरा. जो प्रयोग दुसऱ्याच्या हातून होत नाही तो झाला असं म्हणता येत नाही. ते पुढे म्हणाले, आणि हे सांगताना तिचा आवाज खाली गेला, की मॅडमना शेवटी शेवटी बरं नसायचं, घाईही होती, नोंदी थोड्या उत्साहात झाल्या असतील.

विभागप्रमुख वाईट माणूस नव्हता. बायकोच्या दहाव्याला तो माझ्याजवळ तासभर बसला होता. पण ते वाक्य माझ्या घशाखाली उतरेना. ताटलीवर तारीख घालायची राहिली म्हणून महिन्याभराचं काम कचऱ्यात टाकणारी बाई मी पाहिली होती. तिचं कोणी काही खोटं म्हणत नव्हतं. नुसतं हळूच बाजूला ठेवत होते, आणि ते मला जास्त लागलं.

त्या मुलीने वह्या माझ्याकडे आणून दिल्या. मला त्यातलं विज्ञान कळणार नव्हतं. पण वाचणं हीच माझी नोकरी होती, म्हणून मी रोज चार पानं, सूची करावी तसा, वाचू लागलो. नोंदी इंग्रजीत होत्या. समासात मात्र ती मराठी लिही, तीही तमिळ अक्षरांत, कारण आम्हा तंजावरच्या मराठी लोकांतल्या बहुतेकांना देवनागरी येत नाही. "आज पाऊस. वाळायला उशीर." "आज फार छान निघाला, कोणाला दाखवूं?" एका पानावर होतं, "दोरे राहिलेत. ह्यांचं लक्ष पेपरांत."

मी मोठ्याने हसलो. त्या घरात बऱ्याच महिन्यांनी कोणी हसलं असेल. मग वही मिटून मी बराच वेळ परसात जाऊन उभा राहिलो.

वह्या वाचून संपल्या. भेगांचं कारण कुठेही नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी कुंभकोणमहून माझी अक्का आली. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी आणि अजूनही मला रागे भरायची संधी सोडत नाही. श्राद्धाच्या स्वयंपाकात आमच्याकडे केळीचा गाभा लागतो, आणि तो सकाळी ताजाच चिरायचा. पण वर्षभर विळी हातात धरली नव्हती, म्हणून आदल्या दुपारीच हात बसतो का पाहायला मी अंगणात चिरायला बसलो. चकत्या केल्या, दोरे काढले, आणि पातेल्यात पाणी घेऊन त्यात टाकल्या. तेवढ्यात दारात पुरोहित आले. त्यांच्याशी उद्याचं ठरवायला अर्धा तास गेला.

परत येतो तो अक्का पातेल्यावर वाकलेली.

"हें काय केलास? काळें पडलें की सगळें! ताक कोठें आहे?"

"ताक नाही, अक्का."

"ताक नाही? मग तुज कोणी सांगितलें चिर म्हणून? आई बघितली असती तर विळी घेऊन मागें लागली असती."

"घरात विरजणच नाही. एकट्याला दही कशाला म्हणून लावलं नाही."

"पुरुषाच्या हातांत घर दिलें की असें होतें," असं म्हणून ती शेजारी ताक मागायला निघाली.

मी तिथेच बसून राहिलो. पातेल्यातल्या चकत्यांचा रंग मी आधी पाहिलेला होता. माझ्या टेबलावर, त्या मुलीच्या ताटलीत.

गाभा चिरला की लगेच पातळ ताकात टाकायचा, नाहीतर काळा पडतो. तंजावरात हे कोणाला सांगावं लागत नाही. मी रोज डब्यात ताक ओतत होतो, वरून चकत्या टाकत होतो. ती प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तास-दीड तास त्या ताकात असत. तिथे बाकीचे यायच्या आधीच ती त्या धुऊन घेई आणि मग तिची पहिली पायरी सुरू होई. तिच्या वहीत ताक नव्हतं, कारण ते तिने केलेलं नव्हतं. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण ते काही केल्यासारखं मला वाटलंच नव्हतं. वर मी गाभा चिरण्याचं लिहिलं आहे, तिथेही ताक लिहायचं राहूनच गेलं.

जुन्या पाकक्रियांच्या पोथ्या मी किती पाहिल्या. त्यांत साखर किती ते असतं, केशर किती ते असतं. भांडं चुलीवर ठेवा असं कोणी लिहीत नाही. लिहिणाऱ्याला वाटतं, हे न कळणारा माणूस जन्माला कशाला येईल. हे मला ठाऊक होतं आणि तरी एक वर्ष लागलं.

श्राद्ध झालं. अक्काने जाताना स्वतःच्या हाताने विरजण लावून दिलं. चौथ्या दिवशी मी डबा भरला आणि बायकोच्याच बसने विद्यापीठात गेलो. मुलगी दारातच उभी होती. मी डबा उघडून दाखवला. तिने आत पाहिलं, वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

"मोर!" ती म्हणाली. तमिळमध्ये ताकाला मोर म्हणतात.

तिने तिथूनच आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता. "केळीच्या बागेत जन्मलीस," आई म्हणत होती, "आणि गाभा ताकात टाकतात हे कळायला तुला डॉक्टरेट करावी लागते? मला विचारलं असतंस तर पाच वर्षांपूर्वीच सांगितलं असतं!"

"तू मला कधी स्वयंपाकघरात येऊ दिलंस का?"

"अभ्यास कर म्हणाले होते. अभ्यास केलास ना? मग बस."

तो पापुद्रा वाळायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. मुलीने चिमट्याने कडा उचलली. पापुद्रा एका ओढीत, अखंड, पांढरा, ताटलीतून सुटून आला. तिने तो दुमडला. मोडला नाही. पाण्यात भिजवला, ताणला. फाटला नाही. मग ती रडायला लागली आणि मी तिला कितीतरी वेळ "हळू गं, हळू" म्हणत राहिलो, मराठीतच.

पण एकदा झालं म्हणजे झालं असं त्यांच्यात नसतं. पुढचे दोन महिने ती वही घेऊन माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिली.

"ताकात पाणी किती घालता, अंकल?"

"बेताने."

"बेत म्हणजे किती मिलिलिटर?"

"आंबट किती हवं?" हाही तिचाच प्रश्न.

"जिभेला लावून बघतो."

तिने जिभेच्या जागी मोजायचं यंत्र आणलं. नुसत्या पाण्यात, बाजारातल्या आम्लात आणि ताकात वेगवेगळ्या चकत्या ठेवल्या. पाण्यातला पापुद्रा दर वेळी तपकिरी आणि भेगाळलेला. आम्लातला पांढरा राही, पण कडेला तडके. ताकातला दर वेळी अखंड. ताकात नेमकं काय होतं हे अजून तिला पुरतं कळलेलं नाही. तो माझा पुढचा प्रश्न, असं ती आता आनंदाने सांगते. पापुद्र्यावर तिने माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवून पाहिल्या, त्या बायकोच्या नोंदीप्रमाणेच पसरल्या. खऱ्या जखमेवर ठेवायला अजून वर्षं लागतील, आणि ती लागू द्यावीत, असं बायकोही म्हणाली असती.

समितीपुढे बोलायच्या दिवशी मुलीने मला मागच्या रांगेत बसवलं. विभागप्रमुखाने पापुद्रा हातात घेतला. दुमडला, उलगडला, उजेडासमोर धरला. मग त्याने बायकोची जुनी वही मागून घेतली आणि तिचे आकडे मुलीच्या आकड्यांशेजारी ठेवून खाली बोट फिरवत गेला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"मॅडमच्या नोंदी बरोबर होत्या," तो म्हणाला. मग मागे वळून, सगळ्यांसमोर, माझ्याकडे पाहून म्हणाला, "सर, मी चुकलो होतो."

मी मान हलवली. त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीजवळ बसलो आणि राजवाड्यापर्यंतच्या सगळ्या रस्त्यावर हसत होतो. समोरच्या बाईने पोराला माझ्यापासून जरा दूर ओढून घेतलं.

आता तो निबंध छापून आला आहे. त्यात पहिलं नाव माझ्या बायकोचं आहे, त्या मुलीच्याच आग्रहाने. कृतीच्या पहिल्या वाक्यात चकत्या चिरल्याबरोबर पातळ आंबट ताकात ठेवाव्यात असं लिहिलं आहे, किती वेळ तेही. छापलेली प्रत मी तिच्या वह्यांवर ठेवली आहे.

घरात विरजण आहे. परसात केळीची चार झाडं आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी मी गाभा चिरतो, डबा भरतो, आणि सकाळच्या बसने तो पोचवून येतो.