सवतीची शिंगं

खाली रस्त्याच्या कडेला सायकलवाला पंक्चर काढायला बसला की त्याच्या रबराच्या सोल्यूशनचा वास आमच्या गॅलरीपर्यंत चढतो. तिखट, डोक्यात जाणारा, किंचित गोडसरही. घरातली बाकीची माणसं नाक मुरडून खिडकी लावून घेतात. मी मात्र हातातली मेथी तशीच ठेवून बसून राहते. तरुणपणाची आठवण एखादीला जाईच्या वासानं येते, एखादीला हळदीच्या. माझं तरुणपण रबर, ग्रीस आणि घासलेट यांच्या वासात मुरलेलं आहे, त्याला मी काय करणार? आणि त्या वासाबरोबर माझ्यात पहिल्यांदा जे जागं होतं ते प्रेम नव्हे. तो मत्सर असतो. इतक्या वर्षांनीही हिरवागार.

एकोणीसशे तीस-पस्तीसचा तो काळ. लग्न होऊन मी नाशिकला आले तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती माझ्या आधीपासून राहत होती. ती म्हणजे ह्यांची सायकल. हे शाळेत ड्रॉइंग मास्तर. देवळाली कॅम्पातला कुणी गोरा साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्याकडून ह्यांनी ती घेतलेली. गावात तेव्हा सायकली होत्या, पण त्या सरळ हँडलच्या, दुधाच्या चरव्या वाहणाऱ्या, पोस्टमनच्या नाहीतर कारकुनांच्या. हिचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं पुढे जाऊन खाली वळलेलं. वर बसणाऱ्यानं कमरेत वाकून तिच्या अंगावर ओणवंच व्हायचं. बाहेरच्या खोलीत, जिथे एरवी पाहुण्यांसाठी पाट मांडावा, तिथे भिंतीला टेकून ती दिमाखात उभी असायची, आणि मी स्वयंपाकघरातून तिच्याकडे पाहायची.

रविवारी आणि सुट्टीत हे तिला घेऊन निघायचे. कधी त्र्यंबकला, कधी वणीला, एकदा तर पार सुरगाण्याकडच्या डोंगरांत. जायच्या आदल्या संध्याकाळी तिची चाकं पुसणं, साखळीला तेल देणं असा थाट चालायचा. हँडलला सुती फीत गुंडाळलेली असे. घामानं ती मळली की हे जुनी सोडवत आणि नवी बांधत. मांडी घालून, मान एका बाजूला कलती करून, एकेक वेढा बोटानं दाबून बसवत, अगदी तल्लीन होऊन. ह्या माणसानं माझ्या वेणीला कधी हात लावला नव्हता. मी दारात उभी राहून तो सोहळा बघायची आणि उगीचच भांडी आपटायची. "काय पडलं?" हे मान वर न करता विचारत. "काही नाही. घरात माणसंही राहतात, एवढंच," मी म्हणायची. ते त्यांच्या कानांपर्यंत पोहोचायचं की नाही, देव जाणे.

परत आले की हे बोलायला लागत. एरवी घुमे, पण त्या दिवशी नुसतं बांध फुटल्यासारखं बोलणं. कळवणच्या वाटेवर नदीकाठी कसा ऊस लागलाय, डोंगरात सकाळचं धुकं कसं खाली उतरतं आणि आपण त्याच्या वर असतो, सुरगाण्याकडे एका म्हातारीनं झोपडीपुढे बसवून नागलीची भाकरी कशी वाढली. "काय चव होती सांगू!" हे म्हणाले. समोर माझी भाकरी ताटात गार होत होती. त्या म्हातारीचासुद्धा मला मत्सर वाटला, आता सांगायला हसू येतं. पण खरी आग त्या सायकलीची. म्हातारीनं ह्यांना एक भाकरी दिली. हिनं सगळे डोंगर दिले होते. मी काय देणार होते? दोन खोल्या आणि मागच्या बाजूची मोरी. मला तर गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जायचं तरी शेजारणीची सोबत लागायची. ती ह्यांच्याबरोबर जायची आणि मी ह्यांची वाट बघायची, ह्यातलं मला नेमकं काय सलत होतं ते तेव्हा माझं मलाच कळत नव्हतं. हे तिच्याबरोबर जातात ते, की ती जाते आणि मी जात नाही ते.

मग तो रविवार आला. वणीकडून येताना उतारावर पुढच्या चाकाखाली दगड आला आणि हे हँडलवरून पलीकडे फेकले गेले. दिंडोरीकडच्या एका माळ्यानं आपल्या भाजीच्या गाडीतून ह्यांना घरी आणलं. कोबीच्या राशीला टेकून बसलेले, उजवा हात उपरण्यात बांधलेला, चेहरा मेणासारखा. मी धावत खाली गेले. "बाई, घाबरू नका," तो म्हणाला. "मास्तरला लय लागलं नाय. हात तेवढा गेलाय." मी गाडीला धरून उभी राहिले, तर ह्यांचा पहिला शब्द कोणता? "सायकल कुठंय?"

"आहे, आहे. मागं टाकलीय," माळी म्हणाला. "तिला काय झालं नाय."

तिला काही झालं नव्हतं! भीतीनं आलेलं माझं रडं तिथेच थिजलं.

मनगट सांधलं, पण पुरतं वळेना. पेन्सिल धरता यायची, तांब्या उचलायचा तर हे डावा हात पुढे करायचे. त्या वळलेल्या शिंगांवर भार देऊन ओणवं होणं आता शक्य नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. सायकल सोडा, असंही म्हणाले. एका सकाळी म्हणाले, "हँडल बदलून घेऊ. सरळ घालू." आणि मग, "पण तिला दुकानापर्यंत न्यायचं कसं? एका हातानं सावरत नाही."

"मी आणते की," मी म्हणाले.

असा मी तिला पहिल्यांदा हात लावला. भद्रकालीच्या गर्दीतून मी ती ढकलत चालले होते आणि हे बाजूनं. बाया वळून बघत होत्या. मी मात्र चकित झाले होते, ती इतकी हलकी असेल असं वाटलंच नव्हतं. बोटाच्या इशाऱ्यानं वळायची, थांबायची, उतार दिसला की हळूच पुढे ओढ घ्यायची. ह्यांनी बांधलेल्या त्या फितीवर माझे तळवे होते. फितीत ह्यांच्या हातांचे खळगे पडलेले होते आणि माझी बोटं त्यांत बुडत होती.

दुकानातला मिस्त्री मालेगावचा. त्यानं आधी ह्यांचा हात पाहिला, मग सायकल. "शिंगं काढली की बैल गरीब होतो बघा मास्तर," तो हसून म्हणाला. हे हसले नाहीत. पान्यानं नट ढिला झाला, दांड्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचे ठोके पडले, आणि ते वळलेलं हँडल वर उपसून आलं. ब्रेकच्या तारा लोंबत राहिल्या. हे दुसरीकडे बघत होते, एखाद्याच्या जखमेवरची पट्टी बदलताना आपण बघतो तसे. नवं सरळ हँडल बसलं, तारा नव्यानं ओवल्या गेल्या, बैठक थोडी पुढे सरकवली. ती आता पोस्टमनच्या सायकलीसारखी दिसत होती. मी जिंकले होते. घरी येताना मनात नुसत्या झांजा वाजत होत्या.

पण त्या झांजा फार दिवस वाजल्या नाहीत. हे आता ताठ बसून शाळेत जायचे आणि शाळेतून यायचे, बस्स. रविवारी घरी असायचे. ज्या रविवारांसाठी मी इतकी जळले ते आता सबंध माझे होते, आणि हे खिडकीत बसून रस्ता बघत होते. आम्हा दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचेना. शेवटी मीच एका रविवारी म्हणाले, "मला शिकवा."

"काय?"

"सायकल. आता तर तिची शिंगंही नाहीत."

ह्यांना वाटलं थट्टा करतेय. मग माझ्याकडे बघत राहिले. पहाटे, माणसांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, आम्ही गोल्फच्या मैदानावर जायला लागलो. नऊवारीचा काचा घट्ट मारला की मधल्या दांड्याची अडचण होत नाही. अडचण होते ती लाजेची. हे डाव्या हातानं बैठक धरून मागे धावायचे. "खाली बघू नकोस! समोर बघ!" मी पडले, कोपर सोललं, पदर साखळीत गेला. गल्लीत कुजबुज झाली. पण एके दिवशी मागे धावणारी पावलं थांबली आणि मी पायडल मारतच राहिले.

नंतरची ती पहाट. हे म्हणाले, त्र्यंबक रस्त्यानं वडापर्यंत जा आणि वळ. वड आला. मी वळले नाही. थंडी कानांशी वाजत होती, रस्ता माझ्याखालून मागे पळत होता. ओढ्यावरचा पूल गेला, पेरूच्या बागा लागल्या, पिकल्या पेरूंचा तो दाट वास अंगावर आला आणि पुढे चढ उभा राहिला. छाती फुटायला आली तरी उतरले नाही. वर पोहोचून मागे पाहिलं तर नाशिक धुक्यात बुडलेलं, आणि मी त्याच्या वर. मोठ्यानं हसले मी, एकटीच.

परतताना बघते तर हे मैदानावर थांबले नव्हते. पुढे, पुलापर्यंत चालत आले होते. मी घामेजून, धापा टाकत उतरले. रागावतील असं वाटलं होतं.

"बागांपर्यंत गेलीस?" ह्यांनी विचारलं.

"गेले."

"आणि चढ?"

"चढले. न उतरता."

ह्यांनी माझ्या लाल झालेल्या तळव्यांकडे पाहिलं, मग त्या चढाच्या दिशेनं, मग माझ्या तोंडाकडे. ते डोळे मी ओळखले. स्वयंपाकघराच्या दारातून मी ज्या डोळ्यांनी बघत असे, तेच होते ते. आणि मला कीव आली नाही; आनंद झाला. ह्या माणसाला माझं काहीतरी हवं होतं.

पुढे ह्यांनी स्वतःसाठी एक जुनी सायकल घेतली आणि आम्ही दोघं मिळून त्र्यंबकला गेलो, एकदा वणीलाही. चढाला मी पुढे निघून जायची, हे दात आवळून मागून यायचे आणि वर पोहोचल्यावर बराच वेळ माझ्याशी बोलायचे नाहीत. मग वय झालं, गुडघे गेले, सायकली कुणाकुणाला देऊन टाकल्या. उतारवयात आम्ही एकमेकांशी फार समजुतीनं वागलो. लोक आमचं उदाहरण देत. हे गेले तेही तसेच, कुणाला त्रास न देता.

आता मला कुणाचा हेवा वाटत नाही. शेजारणीची सून, बहिणीचं घर, कुणाची भरली ओटी, सगळं वेळच्या वेळी निवून गेलं. एकाच गोष्टीचा अजून वाटतो. थंडीतल्या त्या पुलावर दोन माणसं उभी आहेत, मध्ये एक सायकल, दोघं एकमेकांवर मनातून जळताहेत आणि घरी जायची दोघांनाही घाई नाही. त्या दोघांचा.