मच्छरदाणी लावता का, असं विचारत फिरणारी मुलगी

मागच्या रविवारी चऱ्होलीत, आमच्या सोसायटीच्या गेटवर, मी एका मुलीला अडवलं. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे... संशय घेण्याचाच पगार मिळतो मला.

मुलीचं नाव सायली. तिसऱ्या मजल्यावर कदमकाकांच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहते. दर रविवारी वही घेऊन मागच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांत जायची... मच्छरदाणी लावता का, पोरांना थंडीताप कधी आला होता, सगळं लिहून घ्यायची.

एवढ्या चौकशा कशाला? त्यात एकदा लिफ्टमध्ये ती फोनवर म्हणाली, "लस दिल्यावर काही वर्षांनी मलेरिया परत वाढतोय." झालं! गरिबांवर लसीचे प्रयोग चाललेत, असं मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. कदमकाकांनाही फोन केला, आणि त्यांनी तिला महिनाअखेर फ्लॅट सोडायला सांगितलं.

तरी माझं समाधान होईना. गेटवर विचारलंच, "कुणाला लस देतेस गं तू?"

तिने पाठीवरची सॅक काढली. मग तिथल्याच बाकावर लॅपटॉप उघडला. "ताई, मी गणित शिकते. मलेरियाची लस आफ्रिकेत लहान मुलांना देतात, आपल्याकडे अजून नाही. इथे दिली तर किती फरक पडेल, ते कॉम्प्युटरवर मॉडेल मांडून बघते. यात माणसं, डास, सगळे नुसते आकडे आहेत."

"मग वाढतोय म्हणालीस ते?"

"एक सांगा... तुमच्या मुलाला ती लस मिळाली, तर मच्छरदाणी लावाल?"

"लस दिल्यावर कशाला?" मी पटकन बोलून गेले.

"हेच! लस पूर्ण वाचवत नाही, तिचा जोरही ओसरतो. त्यात सगळ्यांनी मच्छरदाण्या काढल्या, की माझ्या मॉडेलमध्ये मलेरिया परत वर येतो. लोक खरंच काढतील का, ते घरी बसून कसं कळणार? म्हणून विचारत फिरते."

या मुलीचं राहतं घर मी घालवलं होतं.

ग्रुपवर माफी लिहिली. कदमकाका मात्र ऐकेनात. "उद्या काही झालं म्हणजे?" त्यांच्या डोक्यात ते मीच भरवलं होतं. शेवटी त्यांना आणि सायलीला समोरासमोर बसवलं, तेव्हा कुठे "राहू दे" म्हणाले.

काल सायलीबरोबर मीही गेले. परभणीकडच्या एक बाई लेकीला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. मी विचारलं, "मच्छरदाणी लावता का?"

त्यांनी मला खालवर न्याहाळलं. "तुमाला कशाला पायजे वो?"

मी ओट्यावर टेकले. आधी माझं नाव सांगितलं, मग कशाला हवं ते. बाईही टेकल्या, आणि थोडं सरकून त्यांनी सायलीलाही जागा करून दिली...

संशय त्यांनाही आला होता. पण त्यांनी सरळ मलाच विचारलं.