कॉफीच्या वहीतील दुसरे मत

हैदराबादेहून बुंद, म्हणजे कॉफीचे कच्चे दाणे, मागवावेत, ते घरी लोखंडी तव्यावर भाजावेत आणि प्रत्येक भाजणीचा स्वाद वहीत नोंदवावा, हा छंद मला निजामी अंमलातल्या बीडमध्ये वकिली करीत असताना जडला. गावात कॉफी पिणारी घरे विरळाच. तिचा स्वाद लिहून ठेवणारा मी एकटा. तरीही नोंदीचा माझा नियम पक्का होता. एकाच जिभेच्या साक्षीवर निकाल द्यायचा नाही. माझ्या मताखाली दुसऱ्याचे मत हवे. नसेल तर ती नोंद कच्ची.

पत्नी होती तोवर दुसरे मत तिचे असे. "आज करपली," एवढेच ती सांगे, आणि बहुधा बरोबर सांगे. ती गेल्यावर वहीत कच्च्या नोंदी साचत चालल्या. मुली सासरी, वकिली सोडलेली. बोलायला कोणी नसल्याने मी सरकारी कचेऱ्यांना अर्ज लिहीत असे: तुंबलेल्या गटाराविषयी, न लागणाऱ्या दिव्यांविषयी. एकाचेही उत्तर आले नाही, आणि प्रत्येक मौनाविरुद्ध मी नवा अर्ज करीत राहिलो.

अशात समोरचे किराणा दुकानदार सकाळी कॉफीला येऊ लागले. लिंगायत गृहस्थ, लिंगपूजा झाल्याखेरीज पाण्याचा थेंबही न घेणारे. म्हणून मीही चूल उशिरा पेटवू लागलो. पानातले काही टाकायचे नाही, ही त्यांची रीत. ते पेला रिकामा करीत, त्यात पाणी घालून तळाचा गाळ खळबळीत, तेही पिऊन टाकीत आणि मगच मत देत.

"शेवटाला लई ग्वाड लागली, वकीलसाब."

"ती कॉफी नव्हे, पेल्याचे धुवण आहे! मला पहिल्या घोटाची जबानी हवी."

"पैल्या घोटानं जीब पोळली की! काय सांगू?"

कित्येक महिने असेच चालले. एके सकाळी माझा संयम सुटला. साक्षीचे गांभीर्य ज्याला नाही त्याने साक्षीला येऊच नये, असे मी सुनावले.

ते पेला खाली ठेवून म्हणाले, "मला कुठं कॉफी आवडती, साब? तुमी एकलेच ऱ्हाता म्हणून येतो."

मी त्यांना दार दाखविले. त्याच दिवशी नोटीस लिहिली: सदरहू विधान माझ्या प्रतिष्ठेस बाधक असून ते विनाअट मागे घ्यावे, अन्यथा येणे बंद करावे. समोरच्या दुकानासाठी लिहिलेले ते पत्र मी टपालात टाकले.

ते येईनासे झाले. मी कॉफी करी, माझे मत लिही आणि खालची जागा मोकळी सोडी. खिडकीतून ते गिऱ्हाइकांशी हसताना दिसत. त्या हसण्याविरुद्ध अर्ज करण्याची कायद्यात सोय नव्हती.

शेवटी एके सकाळी दुकानदारच ते पत्र हातात घेऊन उंबऱ्याशी उभे राहिले.

"टपालानं कशाला धाडलं? रस्ता ओलांडला की मी हायच."

"विधान मागे घेता?"

"खरं हाय ते. मागं कसं घेऊ?"

दबावाखाली जबानी फिरवू नका, हे मी उभ्या आयुष्यात शेकडो साक्षीदारांना बजावले होते. ते आत आले नाहीत, परतही फिरले नाहीत. माझ्या शब्दाची वाट पाहत राहिले. राग तर होताच, आजही आहे. मी आत जाऊन चुलीवर पाणी ठेवले आणि तिथूनच, गरजेपेक्षा बराच मोठा आवाज काढून म्हणालो, "उभे का? बसा!"