आधी बाटली

"आधी बाटली," असं म्हणून तो खिशातून गोळ्यांची एक रिकामी बाटली काढायचा. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची. ती गुडघ्याजवळ ठेवायचा आणि मगच वायरला हात लावायचा. देवापुढे उदबत्ती लावायला विसरेल, पण बाटली विसरायचा नाही.

आमच्या लिंबायतच्या गल्लीत तो इंटरनेटची वायर टाकायला आला होता. वऱ्हाडातला, पन्नाशीचा, काटकुळा माणूस. कामाला इतका संथ की बघणाऱ्याला राग यावा. मला आला. तो ओट्यावर काळं कापड अंथरायचा, चष्मा चढवायचा, वायरचं साल सोलायचा. आत केसासारखी बारीक काच असते आणि तिच्यातून उजेड धावतो, हे मला त्याच्याकडूनच कळलं. टोक कापलं की तुटका कण चिमट्याने उचलून बाटलीत टाकायचा, झाकण लावायचा. मग पुढचं टोक.

आमची गल्ली लूमवाल्यांची. सगळे खानदेशातून आलेले. मीही बॉबिन भरण्यात उमर घातली आहे. सूत तुटलं की टोक ओठात धरून ओलं करायचं, पिळायचं आणि गाठ मारायची. हे बोटांना सांगावं लागत नाही. पहिल्याच दिवशी मला त्याच्या कापडाबाहेर एक पांढरा तंतू दिसला. मी उचलला आणि तोंडाकडे नेला.

त्याने माझं मनगट पकडलं. "माय, काच हाय ते."

"माले त दोराच दिसस," मी म्हटलं.

"दोऱ्यासारखी दिसते, म्हून तर भेव हाय. कातडीत शिरली तर काढता येत नाही. पोटात गेली तर डॉक्टरलेबी सापडत नाही."

परक्या बाईचा हात धरला म्हणून त्याने माफी मागितली नाही. मला ते बरं वाटलं. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. हा कण कापडाबाहेर गेलाच कसा, म्हणून स्वतःवरच चिडला. चिकटपट्टी घेऊन माझा अख्खा ओटा टिपून काढला. माझ्या सुनेनेही तो ओटा कधी इतका साफ केला नव्हता.

मी चहा दिला, तर नको म्हणाला. मला वाटलं, याला आमच्या घरचं चालत नाही. मी तसं तोंडावर विचारलं. तो हसला. काम आवरलं, हात कोपरापर्यंत धुतले आणि मग दोन कप प्यायला. काचेच्या हाताने काही खायचं नाही, डोळा चोळायचा नाही, हा त्याचा नेम. पोरं वायरच्या टोकात उजेड बघायला वाकली की मात्र ओरडायचा. तो उजेड दिसत नाही, पण डोळा जाळू शकतो, म्हणायचा. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. शिस्त त्यांची असते आणि वैताग आपल्याला होतो.

गणपती जवळ आले होते. आमच्या मंडळाची मूर्ती उंच असते. मिरवणुकीत पोरं बांबूने वायरी उचलत पुढे चालतात, त्यात विजेच्या तारांनाही बांबू लागतो. हे माहीत असूनही त्याच्या ठेकेदाराने हुकूम सोडला की वायर या विजेच्या खांबावरून त्या खांबावर फेका आणि मोकळे व्हा. हा नाही म्हणाला. वायर भिंतींच्या कडेने नेणार, वळणावर ताटाएवढा वळसा ठेवणार. वाटीएवढा ठेवला तर उजेड वाटेतच मरतो, म्हणाला. त्यासाठी तो दारोदार फिरून भिंत मागत होता. मी माझी भिंत दिली. खिळा वाकडा बसला तर उपटून फेकीन, हेही सांगितलं. एकही वाकडा बसला नाही.

ठेकेदार स्वतः आला. सगळ्यांसमोर म्हणाला की दुसरा माणूस हे काम चहा पिता पिता करून जाईल, आणि आज खांबावरून वायर गेली नाही तर उद्यापासून तू कामावर येऊ नकोस. याने खाली मान घातली नाही. शिडी आडवी केली, जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसला.

"विजेच्या खांबाले मी शिडी लावत नाही," तो म्हणाला. "अन् मूर्तीच्या डोक्यावर वायर टाकत नाही. दुसरा आणा. त्यालेबी मी हेच सांगीन."

ठेकेदाराने खरंच दुसरा माणूस बोलावला, शिडीसकट. तोवर मी घरातून खाट ओढत आणली, दारासमोरच्या खांबाच्या बुंध्याशी टाकली आणि पाय पसरून बसले. माझे गुडघे दुखतात. एकदा बसले की उठत नाही.

"मासी, खाटलो हटावो," ठेकेदार गुजरातीत म्हणाला.

"मी मना दारमा बठेल शे," मी म्हटलं. "तू कोठे उभा शे, ते देख."

तो गटाराच्या झाकणावर उभा होता. बाया हसल्या. मग एकेक बाई आपापल्या दारात येऊन बसली. त्या दुसऱ्या माणसाने शिडी काही उघडली नाही.

वायर भिंतींच्या कडेनेच गेली. यानेच नेली, अगदी शेवटच्या घरापर्यंत. कापड झटकलं नाही, आत घडी करून नेलं. बाटली खिशात टाकली. ठेकेदाराने त्याला पुन्हा बोलावलं नाही. त्याला हे आधीच माहीत होतं. जाताना डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. भिंतीवरचा वळसा तेवढा एकदा बोटाने तपासला. त्या वर्षी आमच्या गल्लीतून मूर्ती जाताना त्याच्या वायरीला कोणाला बांबू लावावा लागला नाही.

पलसाण्याच्या एका रंगाईच्या मिलमध्ये तो वायरीचं काम करतो, असं कोणी सांगितलं. खरं-खोटं मला ठाऊक नाही. इकडे तो पुन्हा दिसला नाही.

परवा वायर बिघडली म्हणून नवा माणूस आला. हात चपळ. माझ्या ओट्यावर बसून टोकं कापली, कण फुंकरीने उडवले आणि निघाला. मी त्याची शिडी धरून ठेवली. माझ्या गोळ्यांची बाटली संपलेली होती, ती त्याच्यासमोर ठेवली.

"यात काय टाकू?" तो म्हणाला.

"जे उडवलंस ते," मी म्हटलं आणि चिकटपट्टी पुढे केली.

घाई आहे, अजून चार घरं राहिली आहेत, असं काहीबाही तो बोलत राहिला. मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. ओटा टिपून होईपर्यंत उठले नाही.