दाजींचं आवाज धरायचं मशीन

माझ्या अक्षराबद्दल आणि शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यानंतर हातात पेनापेक्षा सुईच जास्त राहिली, त्यामुळं ऱ्हस्व काय आणि दीर्घ काय, अंदाजानं लिहिते. ओळीही वर चढतात. ही वही चिंध्यांच्या बोचक्यात ठेवलेली असते, म्हणजे कुणाच्या हाताला लागेल असं नाही, तरी लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. लिहायचं आहे ते आमच्या दाजींबद्दल, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या मालकांबद्दल. ईट गावापासून वर माळापर्यंत जेवढी गावं आहेत तेवढ्यांत मिळून त्यांच्याइतकी टेस्टिंग करणारा माणूस झाला नाही आणि होणारही नाही.

दाजींचा धंदा लाऊडस्पीकरचा. लग्न असो, जागरण-गोंधळ असो, निवडणूक असो, दहाव्याचं कीर्तन असो, भोंगे त्यांचेच. चाळीस वर्षं त्यांनी माईकवर फुंकर मारून "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हटलं आणि ती सवय अंगात मुरली. बाजारात मडकं सगळेच वाजवून घेतात, दाजी मडक्यात तोंड घालून हॅलो म्हणायचे. छत्री घेतली तर दुकानदाराला रस्त्यावर आणून वरून तांब्याभर पाणी ओतायला लावायचे. त्यांच्या लेकीला बघायला पाहुणे आले तेव्हा नवऱ्या मुलाला त्यांनी माईकसमोर उभं करून नाव-गाव सांगायला लावलं. "आवाज कापला तर पोरगं पीत असंल," म्हणाले. पोरगं भीतीनंच कापत होतं, पण लेक दिली आणि ती कळंबला बरी नांदते आहे. स्वतःच्या वडिलांच्या तिरडीच्या गाठी त्यांनी डोळ्यांतून पाणी गळत असताना तीन-तीनदा ओढून बघितल्या. खांदेकरी ताटकळले. कुणीतरी म्हणालं, "आवरा आता, म्हातारा काय उठून पळत न्हाय." दाजी म्हणाले, "पळला तर बरंच हाय. पडला तर काय करायचं?"

या धंद्यात त्यांचे कान गेले. अगदी ठार बहिरे झाले नाहीत, ओरडून बोललेलं कळायचं, पण बारीक काही यायचं नाही. मी तर जन्मात ओरडून बोलले नाही, चारचौघांत माझा आवाजच फुटत नाही, त्यामुळं आम्हा दोघांचं बोलणं म्हणजे ते विचारणार आणि मी मान हलवणार. त्यांना ते आवडायचं. "धाकटी तेवढी शानी, डोकं खात न्हाय," असं अक्काला ऐकवायचे. अक्का म्हणायची, "ती लई बोलती, तुमालाच ऐकू येत न्हाय."

मग माळावर पवनचक्क्या आल्या. त्यातला एक पंखा नेमका अक्काच्या परड्यामागं, हाकेच्या अंतरावर उभा राहिला. आधी सगळ्यांनी त्याच्याखाली उभं राहून फोटो काढले. पाती फिरायला लागली तेव्हा आवाज सुरू झाला. मोठा नव्हता, मोठा असता तर बरं झालं असतं. घूं घूं असा, जमिनीतून आणि भिंतीतून यायचा. माझं घर खालच्या आळीला आहे, तिथं तो येत नाही, पण अक्काकडं गेलं की थोड्या वेळानं दातांत जाणवायचा आणि आणखी थोड्या वेळानं जाणवेनासा व्हायचा. अक्काला मात्र तो कधी जाणवेनासा झाला नाही. "उशाशी कुनीतरी जातं वडतंय," ती म्हणायची, "आन दळन काय सरत न्हाय." आषाढातलं वारं सुटलं तशी तिची झोप गेली. कानात कापूस घातला, गोळ्या झाल्या, देवाचं झालं. तिच्या चोळ्या मी दोनदा आत घेतल्या. एकदा भाकरी भाजताना बसल्या जागी डोळा लागला आणि हात तव्यावर गेला, तर तिला चटका कळायच्या आधी मला वास आला.

दाजींना तो आवाज एकदाही आला नाही. परड्यात उभं राहून, कानामागं पंजा धरून ते त्या पंख्याकडं बघत राहायचे. तरीही गावातले निम्मे लोक अक्काला भास होतो म्हणत असताना दाजींनी तसं कधी म्हटलं नाही. "ती म्हनती म्हंजे हाय," एवढंच. त्यांनी अर्ज केला. तालुक्याच्या कचेरीतले साहेब म्हणाले, नुसतं सांगून भागत नाही, आवाज ऐकवा, मग कंपनीला रात्रीचा पंखा बंद ठेवायला लावू. रात्रीचा पंखा बंद म्हणजे अक्काची झोप, एवढाच त्याचा अर्थ होता.

पंख्याच्या आसपासच्या घरांनी हजार-हजार रुपये वर्गणी काढली. मी त्यात मोडत नव्हते, पण शिलाईतले हजार मीही दिले. दाजी सोलापूरला गेले आणि डिजिटल रेकॉर्डर घेऊन आले. तळहातावर मावेल एवढा, वर बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन माईक. दुकानात त्यांनी तीन तास काढले म्हणे. दुकानदार शेवटी म्हणाला, "मामा, फुकट न्या पन जावा."

पुढचा महिना दाजींनी त्या मशीनला जे दागिने घातले ते अक्काच्या अंगावर कधी आले नव्हते. गळ्यात अडकवायला माझ्याकडून नाडी विणून घेतली. जुना माईकचा स्टँड कापून त्याला गुडघ्याएवढे पाय केले. ठेवायला स्टीलचा डबा, त्यात फोमची गादी. कार्ड जपायला अक्काचा रिकामा करंडा. सेल आणले की उन्हात मांडून ठेवायचे, मग एकेक कानाशी हलवून बघायचे, का ते कुणालाच कळलं नाही. मोठे हेडफोन आणले, त्यांनाही खोळ शिवली. अक्का ओसरीवरून बघायची. "लगीन काढलंय का तिचं?" म्हणायची. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, तरी जीभ शाबूत होती.

पहिल्या टेस्टिंगला नुसती फडफड आली, दाजींनाही कळावी एवढी मोठी. माळावरचं वारं थेट माईकवर बसत होतं. दाजी डोकं धरून बसले आणि मग माझ्याकडं आले. मी मेंढीची लोकर पिंजून, आत मऊ कापड लावून, बाळाला शिवतात तसं टोपडं शिवलं, दोन नाड्यांचं. इतकं नीट काम माझ्या हातून क्वचित झालं असेल. शिवाय दुकानदारानं एक बटण दाखवलं होतं, ते दाबलं की वाऱ्याची घरघर मशीन गाळून टाकतं. दाजींनी ते दाबलं आणि चुकून सुटू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली.

आता ऐकायचं कोण, हा प्रश्न होता. दाजींना यायचं नाही, अक्काला मशीनमधून तो आवाज ऐकायचा नव्हता. "आधी हाय तेवढा पुरं," म्हणाली. म्हणून मी. मी परड्यात पोत्यावर बसायचे, डोक्यावर हेडफोन, दाजी समोर उकिडवे. ते बटण दाबायचे आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायचे. मला शेळी ऐकू यायची, चिमण्या, अक्काचा खोकला, दाजींचं "हॅलो, हॅलो", आणि सगळ्याच्या मागं घूं घूं. "येतंय का गं धाकटे?" मी मान हलवायचे. मग ते वहीत लिहायचे, टेस्ट सोळा, धाकटीला आलं. टेस्ट सतरा, डबा उघडा ठेवून, धाकटीला आलं. टोपडं घालून, टोपडं काढून, स्टँडवर, उशीवर, भिंतीला टेकवून, सगळीकडं धाकटीला आलं. दाजींना इतकं खूश मी लेकीच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

सुनावणीला एसटीनं गेलो, दाजी, वर्गणीतले चारजण आणि मी. मला जायचं नव्हतं. दाजी म्हणाले, "कान तुझं हायेत, कान न नेता कसं चालंल?" कचेरीत कंपनीचा माणूस आधीच बसला होता. दाजींनी डबा उघडला, स्टँड मांडला, टोपड्याची गाठ सोडली आणि साहेबांसमोर फुंकर मारून हॅलो म्हणाले. कारकून हसला. साहेबांनी मशीन स्पीकरला लावायला लावलं. चिमण्या आल्या. शेळी आली. अक्का खोकली. साहेब म्हणाले, "पंखा कुठाय?" दाजींना ऐकू आलं नाही, ते हसून मान डोलवत होते. साहेबांनी विचारलं, "हे घरी ऐकलं होतं कुणी?" चारजणांनी माझ्याकडं बोट केलं. मग साहेबांनी हेडफोन माझ्याकडं सरकवले.

मी लावले. चिमण्या इतक्या स्वच्छ होत्या की एकेक मोजता आली असती. ताटली ठेवल्याचा आवाज आला. "हॅलो" आलं. त्याच्या मागं काहीच नव्हतं. मी पुन्हा लावायला सांगितलं, खुणेनं. तरी नव्हतं. साहेबांनी विचारलं, "बाई, येतंय का?" माझी मान हलेना. त्यांनी स्वतः कानाला लावलं, थोडा वेळ ऐकलं, काढून ठेवलं आणि कागदावर लिहायला लागले. दाजी माझ्याकडं वळले. "काय म्हनले? आलं ना?" मी हळू आवाजात सांगितलं, त्यांना कळलं नाही. पुन्हा सांगितलं, तरी कळलं नाही. शेवटी त्या भरल्या कचेरीत, परक्या माणसांसमोर, मला ओरडून सांगावं लागलं, "दाजी, आवाज न्हाय आला. ह्याच्यात न्हाय."

दाजींनी मशीन उचललं, टोपडं घातलं, नाड्या बांधल्या. कंपनीचा माणूस म्हणाला, "चिमण्या छान आल्यात मामा." तेही त्यांना ऐकू आलं नाही. एसटीत ते डबा मांडीवर घेऊन बसले. चारजणांतला एक मागच्या सीटवरून सारखं म्हणत होता, बहिऱ्यानं रेकॉर्डिंग केलं आणि मुकीनं तपासलं, आपले पैसे पाण्यात गेले. ते मला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी अक्काकडं गेले. दाजी बाहेर गेले होते. परड्यात पोतं तसंच होतं. मी मशीन काढलं, हेडफोन घातले, आणि मशीन चालू न करता बसले. घूं घूं येत होतं. जमिनीतून, पोत्यातून, हेडफोनच्या गादीतून, खऱ्या पंख्याचं. एवढे दिवस मी तेच ऐकत होते आणि मान हलवत होते. त्या वाऱ्याच्या बटणानं वाऱ्याबरोबर पंखाही गाळला होता, आणि ते कळायला आम्ही एकदासुद्धा मशीन माळावरून खाली, माझ्या घरापर्यंत नेऊन ऐकलं नव्हतं.

हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर दाजींनी चिकटपट्टी काढून पुन्हा रेकॉर्डिंग केलं असतं, पुन्हा अर्ज केला असता. आज सांगते, उद्या सांगते, असे आठ दिवस गेले. त्यांना सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, आणि ओरडलं की अक्का ऐकणार, शेजार ऐकणार. नवव्या दिवशी लेक कळंबहून आली आणि अक्काला घेऊन गेली. अक्का गाडीत बसताना दाजींना म्हणाली, "तुमाला ऐकू येत न्हाय, तुमी ऱ्हावा." चिडून नाही, सोय सांगावी तसं. शेळ्या होत्या, घर होतं, आणि त्या घरात झोपू शकणारा माणूस तेवढा एकच होता. दाजी आता दर रविवारी कळंबला जातात. चाळीस वर्षांनी बायकोला भेटायला एसटीचं तिकीट काढतात.

वर्गणी परत करायची असं कुणी ठरवलं नव्हतं, दोघा-तिघांनी फक्त टोमणे मारले होते. दाजींनी भोंगे आणि ॲम्प्लिफायर विकला, तेवढ्यात निम्मी घरं झाली. मग दोन शेळ्या विकल्या. एकेका घरी जाऊन हजार-हजार देत आले. मशीन विकलं नाही, त्यांना वाटतं त्यात आवाज आहे, फक्त कचेरीच्या स्पीकरला तो धरता आला नाही. माझं घर शेवटी ठेवलं होतं. परवा सकाळी आले, पायरीवर बसले, पाणी मागितलं.

"निजती म्हनं आता," ते म्हणाले. "उजाडूस्तोवर. अंग भरलंय जरा. चोळ्या सैल कराया लागतील तुला."

मी मान हलवली. त्यांनी खिशातून नोटा काढून पुढं केल्या. मी हात मागं घेतला. "का गं?" त्यांनी विचारलं आणि कानामागं पंजा धरला, मी काय सांगते ते ऐकायला. बराच वेळ तसाच धरून बसले होते. मग मी नोटा घेतल्या, त्यांच्यासमोर मोजल्या. हजार पुरे भरले.