गोठ्यामागचा झेंडू

महाराष्ट्र नवा होता आणि माझं लग्नही. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला सासरे मलकापूरहून घाट चढून आमच्याकडे देऊळघाटला येणार होते. जावई बोलण्यात पक्का आणि कामात कच्चा, असं त्यांचं मत होतं. ते खोडून काढायचं म्हणून मी बायकोला सांगून टाकलं, की यंदा दाराचं तोरण, बैलांचे हार, अवजारांची पूजा, सगळं घरच्या झेंडूवर. बाजारातून एक फूल येणार नाही.

"पाहू," ती म्हणाली.

गोठ्यामागे, शेणखताच्या खड्ड्याला लागून मी रोपं लावली. जागा सावलीची, पण माती अशी की बोट रुतावं. वर हौदाचं पाणी, दोन्ही वेळ. आमच्याकडे पिकाचं कौतुक उंचीवरून व्हायचं. आत शिरलेला माणूस दिसेनासा झाला म्हणजे ज्वारी चांगली. झेंडूलाही मी तोच न्याय लावला. तो कमरेला आला तेव्हा भावाला बोलावून दाखवला, छातीला आला तेव्हा शेजाऱ्यांना. वाकायला लागला तशा तुराट्या बांधून उभा केला.

"फुलते कवा?" बायकोनं विचारलं.

"आधी अंग धरू दे त्याले."

"तुमच्या खांद्याले लागला. आता लग्न लावून द्या त्याचं." मग गोठ्याच्या भिंतीकडे बोट करून म्हणाली, "ऊन येते का इथं? नुसतं खाते, पिते अन् सावलीत राह्यते. काऊन फुलंल तो? घरात अजून एक जण तसाच आहे."

मी पाणी वाढवलं.

उन्हाच्या शोधात झेंडू गोठ्याच्या ठेंगण्या छपराच्या वर निघाला आणि दसऱ्याच्या सकाळी पार शेंड्यावर चार-दोन फुलं दिसली. मी बाज ओढली, तिच्यावर चढलो आणि टाचा उंचावून हात लांबवला. नेमके तेव्हाच सासरे आले.

"जवाईबापू, आंबे उतरून राह्यले का?"

"नाही. झेंडू."

त्यांनी खांद्यावरचं गाठोडं सोडलं, तर आत झेंडूच झेंडू, टपोरा.

"मीच निरोप धाडला होता बाबाले," बायको म्हणाली.

"अगं, पण मी बोललो होतो, बाजारातून..."

"बाजारचे कुठं आहेत? माह्या बापाच्या घरचे आहेत. तुमचा शब्द राह्यला."

तोरण ओवताना तिनं माझी फुलं मधोमध घेतली. सासऱ्यांनी मान वर करून पाहिलं. "हे मधले कोनाचे?"

"ह्यायचे."

"बरे आहेत," सासरे म्हणाले. माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला चांगला शब्द.

पुढच्या वर्षी बायकोनं दारापुढच्या मुरमाड जागेत, भर उन्हात झेंडू लावला आणि पाण्याची बादली माझ्या हातून काढून घेतली.